एकच अ‍ॅप दोनदा का बसतं? सॉफ्टवेअरचे सुटे भाग वाटताना डुप्लिकेट इन्स्टॉल कसं टाळायचं

तुमच्या मोबाईलमध्ये कधी एकाच नावाची, एकाच आयकॉनची दोन अ‍ॅप्स शेजारी शेजारी दिसली आहेत का? किंवा एखादं अ‍ॅप अपडेट करायला गेलात आणि फोनने ‘अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही’ एवढंच सांगून हात वर केले, असं झालंय का? दोन्हीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. नवीन आलेली फाइल म्हणजे जुन्याच अ‍ॅपचं पुढचं रूप, त्याचा एखादा सुटा भाग, की पूर्ण वेगळं अ‍ॅप, हे फोन ठरवतो कसा?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हा विषय इंजिनिअरिंगला चार वर्षं काढूनही मला नीट कळला नव्हता. तो कळला चांदूर बाजारला, मामाच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, आणि तोही माझ्याच चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगतो, मग नियम.

माझी चूक: एका दुकानात दोन खाती

आमच्याकडे बी-बियाणं, खत, औषध उधारीवर जातं. पेरणीला माल घ्यायचा आणि कापूस, सोयाबीन किंवा संत्रा निघाला की पैसे द्यायचे. मामाची उधारी वहीत असायची. मी त्यांच्यासाठी एक अँड्रॉइड अ‍ॅप बनवलं. त्याचे दोन भाग होते. ‘खाते’ हे मुख्य अ‍ॅप, आणि ‘पावती’ हा सुटा भाग. पावतीचं काम एवढंच की खात्यातून माहिती घ्यायची आणि ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर छापायची. जून महिन्यात दोन्ही एपीके फाइल्स मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. काम सुरू झालं.

जुलैत मी लॅपटॉप फॉरमॅट केला. नंतर ‘खाते’मध्ये थोडी सुधारणा करून नवीन फाइल पाठवली, तर ती मामांच्या फोनवर बसेना. घाई होती. मी काय केलं? अ‍ॅपचं आतलं नाव, ज्याला पॅकेज नेम म्हणतात, ते बदललं आणि पुन्हा पाठवलं. लगेच बसलं! जुन्या अ‍ॅपची माहिती बॅकअप फाइल करून नव्यात भरली आणि मी खूश. जुनं अ‍ॅप ‘असू द्या, नंतर काढू’ म्हणून तसंच राहिलं.

आता त्या फोनवर दोन ‘खाते’ होते. काउंटरवरचा पोरगा कधी हे उघडायचा, कधी ते. आणि ‘पावती’ हा सुटा भाग फक्त जुन्या खात्यालाच ओळखत होता. पोळ्यानंतर मामांनी बाकीदारांची यादी छापली. ती अर्थातच जुन्या खात्यातून निघाली. यादीत एका शेतकऱ्याच्या नावापुढे ४,२०० रुपये बाकी. मामांनी फोन केला. तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात आला, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “भाऊ, पैसे तं म्या पोळ्याच्या आधीच देल्ले. तुमच्या पोरानं मोबाईलमदी लिहून घेतले ना!”

त्याचं बरोबर होतं. नोंद नव्या खात्यात होती.

रात्री मामांचा मला पुण्याला फोन आला. “बाबू, दोन दोन खाते कायले करून ठेवले तू? तीस वर्षांत मले कोणी खोटं नाही म्हटलं.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार हजार दोनशे रुपयांचा प्रश्न नव्हता. दुकान उधारीवर चालतं आणि उधारी शब्दावर चालते. माझ्या अ‍ॅपने त्या शब्दावर प्रश्नचिन्ह लावलं होतं.

आता यात तांत्रिक चूक नेमकी कुठे झाली ते समजून घेऊ.

डुप्लिकेट इन्स्टॉल म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. त्या वेगळ्या काढल्या की अर्धा गोंधळ संपतो.

१. पूर्ण अ‍ॅप दोनदा बसणं. आयकॉन दोन, माहिती दोन ठिकाणी. माझ्या बाबतीत झालं ते हेच.

२. एकच भाग अनेक अ‍ॅप्सच्या पोटात असणं. पाच अ‍ॅप्सनी प्रत्येकी स्वतःचा नकाशा किंवा फोटो दाखवणारा तोच तो कोड आणला, तर फोनवर त्याच्या पाच प्रती बसतात. दिसत काहीच नाही, पण जागा जाते.

३. एकच काम दोनदा होणं. नेट अडकलं म्हणून तुम्ही ‘डाउनलोड’ तीनदा दाबलं आणि तीन फाइल्स उतरल्या. किंवा कंपनीच्या सर्व्हरने एकाच ग्राहकाला तोच भाग दोनदा पाठवला.

तिन्हीचा उपाय एकाच प्रश्नातून निघतो: ‘ही वस्तू आधीच इथे आहे का?’ आणि त्या प्रश्नाचं खात्रीशीर उत्तर द्यायचं तर त्या वस्तूला पक्की ओळख हवी.

फोन अ‍ॅपला कसं ओळखतो?

आपण अ‍ॅपला नावाने आणि आयकॉनने ओळखतो. अँड्रॉइड या दोन्हींकडे ढुंकूनही पाहत नाही. तो तीन गोष्टी बघतो.

पॅकेज नेम: हे अ‍ॅपचं आतलं नाव. एका फोनवर, एका यूजरसाठी, एका पॅकेज नेमचं एकच अ‍ॅप राहू शकतं. सातबाऱ्यावरच्या गट नंबरसारखं समजा. शेताला लोक ‘विहिरीवालं’ म्हणोत की ‘नाल्याकडचं’, कागदावर ओळख गट नंबरचीच.

सही: प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. ती एका गुप्त किल्लीने केलेली असते. पॅकेज नेम कोणीही नक्कल करून टाकू शकतो, किल्लीशिवाय सही मात्र जमत नाही.

व्हर्जन कोड: हा साधा पूर्णांक आहे आणि तो वाढत जातो. तुम्हाला दिसणारं ‘२.३.१’ हे माणसांसाठी. फोन तुलना करतो ती या आतल्या आकड्याची.

आता नवीन फाइल आली की फोन असा विचार करतो:

- हे पॅकेज नेम फोनवर नाही? मग हे नवीन अ‍ॅप. वेगळं बसव.
- पॅकेज नेम आहे आणि सहीही तीच? मग हे अपडेट. जुन्याच्या जागी बसव, माहिती तशीच ठेव.
- पॅकेज नेम तेच, पण सही वेगळी? नकार.
- सही तीच, पण व्हर्जन कोड आधीच्यापेक्षा कमी? सहसा नकार, कारण मागे जाणं धोक्याचं.

आता माझी चूक बघा. कोड लिहिताना अँड्रॉइड स्टुडिओ चाचणीसाठी एक तात्पुरती किल्ली आपोआप बनवतो. तिला डिबग किल्ली म्हणतात. ती प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी असते. मी जूनमध्ये मामांना चाचणीचीच फाइल दिली होती. लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि ती किल्ली गेली. जुलैतली फाइल नव्या किल्लीने सही झाली, म्हणून फोनने ती नाकारली. फोन बरोबर वागला होता. मी मात्र ‘बसत नाही’ हा अडथळा समजलो आणि पॅकेज नेम बदलून त्याला बगल दिली. कुलूप उघडेना म्हणून शेजारी नवीन दार पाडलं, तसं.

आणि ‘पावती’? दोन अ‍ॅप्सची सही एक असेल तरच एकमेकांची माहिती दिसावी, असा नियम मी स्वतःच लावला होता. तो चांगलाच नियम होता. पण त्यामुळे जुन्या सहीची ‘पावती’ जुन्याच ‘खाते’शी बोलत राहिली आणि छापील यादी चुकीची निघाली.

सुटे भाग वाटायची बरोबर पद्धत

सॉफ्टवेअर सुट्या भागांत वाटायचं कारण सोपं आहे. प्रत्येकाला सगळंच लागत नाही. ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्याने प्रिंटिंगचा भाग कशाला उतरवायचा?

अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, एकच अ‍ॅप अनेक एपीकेंमध्ये विभागून बसवायची सोय आहे. एक मुख्य भाग, आणि बाकी तुकडे: भाषेचे, स्क्रीनच्या प्रकाराचे, प्रोसेसरच्या प्रकाराचे. गुगलने २०१८ मध्ये ‘अ‍ॅप बंडल’ ही पद्धत आणली. यात बनवणारा सगळं एकत्र देतो आणि प्ले स्टोअर तुमच्या फोनला लागतील तेवढेच तुकडे निवडून पाठवतो. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नवीन अ‍ॅप्सना हीच पद्धत बंधनकारक आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या सगळ्या तुकड्यांचं पॅकेज नेम, व्हर्जन कोड आणि सही एकच असावी लागते. त्यामुळे फोनला शंकाच राहत नाही की हे सगळे एकाच घरातले आहेत. एखादा तुकडा नंतर लागला तर तो मागवता येतो. मुख्य अ‍ॅप आधी विचारतं, ‘प्रिंटिंगचा भाग आहे का?’ असेल तर पुढे जातं, नसेल तरच उतरवतं.

मी ‘पावती’ला स्वतंत्र अ‍ॅप बनवलं, हा पहिला घोळ. ती ‘खाते’चाच एक भाग म्हणून द्यायला हवी होती.

जाता जाता: मित्राच्या फोनमधून एखादं अ‍ॅप काढून पाठवलं आणि ते तुमच्याकडे उघडताच बंद पडलं, असा अनुभव अनेकांना येतो. कारण हेच असू शकतं. त्याच्या फोनवर अ‍ॅप तुकड्यांत होतं आणि तुमच्याकडे फक्त मुख्य भाग आला. किंवा तुकडे त्याच्या स्क्रीन-प्रोसेसरचे होते, तुमच्या नाही.

एक भाग, अनेक अ‍ॅप्स: सामायिक पद्धत

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांना लागणारा भाग फोनवर एकदाच ठेवायचा. गावात प्रत्येक घरी पिठाची चक्की नसते. एक चक्की असते आणि सगळे तिथे दळण नेतात.

याचं रोजचं उदाहरण वेबव्ह्यू. अ‍ॅपच्या आत वेबपेज उघडतं ना, ते दाखवणारा हा भाग. प्रत्येक अ‍ॅप स्वतःचा ब्राउझर आणत नाही. अँड्रॉइड ५.० पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून वेगळा अपडेट होतो. अँड्रॉइड १० पासून तर क्रोम आणि वेबव्ह्यू या दोघांनाही लागणारा मोठा कोड ‘ट्रायक्रोम लायब्ररी’ नावाच्या तिसऱ्या पॅकेजमध्ये ठेवतात. सेटिंग्जमध्ये ते नाव पाहून व्हायरस समजू नका.

दुसरं उदाहरण आपल्या गावाशी जास्त जवळचं आहे. पीएम-किसानच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, हाही चेहऱ्यावरून काढता येतो. ही दोन्ही अ‍ॅप्स चेहरा ओळखण्याचं काम स्वतः करत नाहीत. ते काम ‘आधार फेस आरडी’ नावाचं यूआयडीएआयचं एकच वेगळं अ‍ॅप करतं. मागणी करणारं अ‍ॅप त्याला हाक मारतं, ते चेहरा टिपतं आणि उत्तर परत देतं.

गंमत अशी की फेस आरडीला स्वतःचा आयकॉन नसतो. त्यामुळे लोकांना वाटतं इन्स्टॉलच झालं नाही. मग पुन्हा प्ले स्टोअर, पुन्हा शोध, आणि कधीकधी भलत्याच मिळत्याजुळत्या नावाचं काहीतरी उतरवलं जातं. ते बसलंय का हे पाहायचं तर सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. तिथे नाव दिसलं म्हणजे झालं.

बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचंही तसंच. गावात आधारवरून पैसे काढून देणाऱ्या केंद्रात कॉम्प्युटरला यंत्र जोडलेलं असतं. त्याची आरडी सर्व्हिस कॉम्प्युटरवर एकदाच बसते. ती ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टपैकी एका मोकळ्या पोर्टवर थांबते. कुठलंही बँकेचं सॉफ्टवेअर त्या पोर्टवर विचारत जातं, ‘आरडी सर्व्हिस आहे का? तयार आहे का?’ हो आलं की काम सुरू. ‘आधी विचारा, मग बसवा’ हा नियम इथे ठरवूनच लिहिलेला आहे.

सामायिक पद्धतीचा तोटाही सांगायला हवा. चक्की बंद पडली तर गावभर पोळ्या नाहीत. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर अनेक फोनांवर जीमेलसारखी अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. त्या अ‍ॅप्समध्ये काहीच खराबी नव्हती. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवीन अपडेट दिल्यावरच ते थांबलं. म्हणून कुठला भाग सामायिक ठेवायचा आणि कुठला स्वतःसोबत न्यायचा, हे विचार करूनच ठरवावं लागतं.

विंडोजवाल्यांनी हे आधीच भोगलंय

जुन्या विंडोजवर सामायिक भाग डीएलएल फाइल्समध्ये असत, आणि अनेकदा सगळ्यांसाठी एकाच फोल्डरमध्ये. एका प्रोग्रामने त्यावर आपली वेगळी आवृत्ती लिहिली की दुसरा बंद पडायचा. एक प्रोग्राम काढला की सोबत सामायिक फाइल जायची आणि तिसरा बंद. या त्रासाला ‘डीएलएल हेल’ असं नावच पडलं.

त्यातून दोन चांगले धडे निघाले. पहिला, वापरणाऱ्यांची मोजणी. विंडोज इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक सुट्या भागाला एक मोठा अनोखा क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्या प्रोग्रामने मागितला की नवीन प्रत न बसवता ‘आता दोघे वापरतात’ एवढी नोंद होते. एक प्रोग्राम काढला की मोजणी एकने कमी. शून्य झाली तरच फाइल जाते. दुसरा धडा, शेजारी शेजारी ठेवणं. खरंच दोन वेगळ्या आवृत्त्या लागत असतील तर त्या वेगळ्या जागी ठेवायच्या, एकमेकींवर लिहायच्या नाहीत.

म्हणूनच तुमच्या कॉम्प्युटरवर ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ पाच-सहा वेळा दिसतं. ती डुप्लिकेट नाहीत. वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या आहेत आणि ३२ व ६४ बिटच्या वेगळ्या. साफसफाई म्हणून ती उडवू नका, एखादा गेम किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर बंद पडेल. २०१५ पासूनच्या आवृत्त्या मात्र मायक्रोसॉफ्टने एकमेकींशी जुळत्या ठेवल्या, त्यामुळे तिथून पुढे एकच नवी आवृत्ती जुन्यांचंही काम करते.

बनवणाऱ्यांसाठी: सात नियम

तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा गावातल्या दुकानासाठी अ‍ॅप बनवत असेल, तर हे लिहून ठेवा.

१. ओळख पहिल्याच दिवशी ठरवा आणि नंतर बदलू नका. पॅकेज नेम, सुट्या भागाचं नाव, त्याचा क्रमांक. आयकॉन आणि दिसणारं नाव कितीही बदला.

२. किल्ली जपा. खरी किल्ली वेगळी बनवा, दोन ठिकाणी सुरक्षित ठेवा. ग्राहकाला चाचणीची फाइल कधीच देऊ नका. अ‍ॅप बंडलने प्ले स्टोअरवर दिलं तर अंतिम सहीची किल्ली गुगलकडे राहते आणि तुमची अपलोडची किल्ली हरवली तर ती बदलून मागता येते.

३. बसवण्याआधी विचारा. आहे का? कोणती आवृत्ती? पूर्ण आहे की अर्धवट? तिन्ही प्रश्न हवेत. अर्धवट उतरलेला भाग ‘आहे’ म्हणून धरला तर वेगळाच त्रास.

४. फाइल नावाने नाही, आतल्या मजकुराने ओळखा. फाइलचा हॅश, म्हणजे शा-२५६ सारख्या पद्धतीने काढलेला तिच्या बोटाचा ठसा, घ्या. मजकूर तोच तर ठसा तोच. ग्राहकाकडे तो ठसा आधीच असेल तर पुन्हा पाठवायची गरज नाही. गिट आणि डॉकर याच तत्त्वावर चालतात.

५. कितीदाही दाबलं तरी परिणाम एकदाच व्हावा. बटण दोनदा दाबलं, नेट मध्येच गेलं, फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी शेवटी एकच प्रत बसलेली असावी. हे ‘कोणी दोनदा दाबणार नाही’ असं गृहीत धरून होत नाही. लोक दाबतातच.

६. काढताना मोजा. हा भाग अजून कोणी वापरतंय का हे बघूनच काढा.

७. माहितीच्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा अनोखा क्रमांक द्या. अ‍ॅप डुप्लिकेट झालं तर एक काढता येतं. माहिती डुप्लिकेट झाली आणि नोंदींना ओळख नसेल, तर निस्तरायला माणूसच बसावा लागतो.

सातवा नियम मी भोगून शिकलो. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो. शनिवार-रविवार मी आणि मामा दुकानात वरच्या माळ्यावर बसलो. दोन्ही ‘खाते’मधून नोंदी बाहेर काढल्या. जुलैपर्यंतच्या नोंदी दोन्हीकडे होत्या, नंतरच्या काही इकडे, काही तिकडे. एकाच दिवशी एकाच माणसाने शंभर रुपयांचं दोनदा औषध नेलं असेल तर ती एक नोंद की दोन? अ‍ॅप सांगू शकत नव्हतं. मामांनी हाताने लिहिलेल्या बिलबुकाने सांगितलं. कार्बनची ती प्रत नसती तर हिशोब जुळलाच नसता.

सगळं जुळल्यावर दोन्ही ‘खाते’ आणि ती ‘पावती’ फोनवरून काढली. मग खऱ्या किल्लीने सही केलेलं, पावतीचा भाग आतच असलेलं एकच अ‍ॅप प्ले स्टोअरवरून टाकलं आणि जुळवलेली माहिती त्यात भरली. सोमवारी सकाळी मामा स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. मीही सोबत होतो. मामा म्हणाले, “चूक आमची होती,” आणि मी म्हणालो, “काका, चूक माझी होती.” त्यांनी चहा दिला आणि एकच विचारलं, “आता एकच खातं हाय ना बाबू?”

वापरणाऱ्यांसाठी: हे तपासा

- एकाच नावाची दोन अ‍ॅप्स दिसली तर लगेच एक काढू नका. सेटिंग्जमध्ये दोन्हींची माहिती उघडा. आवृत्ती कोणती, कुठून इन्स्टॉल झालं, किती जागा वापरतंय ते पाहा. ज्यात तुमची माहिती आहे तिचा आधी बॅकअप घ्या. अ‍ॅप काढलं की त्याची फोनवरची माहितीही बहुतेक वेळा जाते.
- ‘ड्युअल अ‍ॅप’ची सोय चालू आहे का ते बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये दोन व्हॉट्सअ‍ॅप चालवता येतात. तिथे फोन आत वेगळा यूजर बनवतो, म्हणून तेच पॅकेज दोनदा राहू शकतं. ती चूक नाही, सोय आहे.
- सरकारी किंवा बँकेच्या अ‍ॅपचं नवीन रूप कधीकधी पूर्ण वेगळं अ‍ॅप म्हणून येतं. तेव्हा जुनं आपोआप जात नाही. नवीन नीट चालू झालं, जुन्यातली नोंद नव्यात दिसली, याची खात्री करून मगच जुनं काढा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके बसवू नका. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान, बँकेची केवायसी अशा नावाने एपीके पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार सर्रास होतात. मी मामांना एपीके तशीच पाठवायची सवय लावली होती, ही माझी अजून एक चूक.
- अपडेट करताना ‘आधीच्या पॅकेजशी जुळत नाही’ असा अर्थाचा संदेश आला तर थांबा. फोन तुम्हाला सांगतोय की ही फाइल त्याच माणसाची नाही, किंवा त्याची किल्ली बदलली आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाव आणि आयकॉन सेम असेल तर अ‍ॅप खरंच तेच असतं का?
नाही. नाव आणि आयकॉन कोणीही ठेवू शकतो. पॅकेज नेम आणि सही ही खरी ओळख. प्ले स्टोअरवर बनवणाऱ्याचं नाव बघायची सवय लावा.

अ‍ॅप अपडेट झाल्यावर जुनं राहतं का?
नाही. खरं अपडेट जुन्याच्याच जागी बसतं. दोन दिसत असतील तर ते अपडेट नव्हतं, वेगळं अ‍ॅप होतं.

डाउनलोडमधल्या एपीके फाइल्स काढल्या तर अ‍ॅप जाईल का?
नाही. इन्स्टॉल होताना फोन स्वतःची प्रत वेगळ्या जागी ठेवतो. डाउनलोड फोल्डरमधली फाइल काढून जागा मोकळी करू शकता.

मग सगळेच भाग सामायिक का ठेवत नाहीत?
कारण एक बिघडला की सगळे अडकतात, आणि प्रत्येक अ‍ॅपला लागणारी आवृत्ती वेगळी असू शकते. आजकाल स्टोरेज बऱ्यापैकी असतं, म्हणून लहान भाग सोबत आणणं परवडतं. मोठे, सुरक्षेशी संबंधित आणि वारंवार अपडेट लागणारे भाग सामायिक ठेवतात.

शेवटी

मामांच्या दुकानात अ‍ॅप अजून चालू आहे. कार्बनचं बिलबुकही चालू आहे, आणि ते बंद करा असं मी आता म्हणत नाही. नवीन आवृत्ती पाठवण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, आणि तुम्ही काही बनवत असाल तर तुम्हीही विचारा: त्या माणसाच्या फोनवर आधीच जे आहे, त्याला ही फाइल ओळखेल का?